समवयस्कांचे दडपण आणि मैत्री

बरोबरीच्या मुलांनी वगळू नये म्हणून मुलाने स्वतःचे मत, आवड किंवा वागणे बदलणे, याला समवयस्कांचे दडपण म्हणतात. पहिलीतल्या ‘माझ्याशी कट्टी’पासून अकरावीतल्या ‘एक झुरका मार, काही होत नाही’पर्यंत त्याची रूपे दिसतात. यावर घरोघरी दिला जाणारा उपदेश एकच : ठामपणे नाही म्हणायला शीक. हा उपदेश अपुरा आहे. दडपणापुढे टिकण्यात मुलाच्या निग्रहापेक्षा त्याच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या एखाद्या मित्राचा वाटा मोठा असतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत मिळतो. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. त्यांतली पहिलीएवढी कोणती, एवढेच सांगायचे होते. एकट्याने उत्तर देताना जवळजवळ कोणीच चुकत नसे. मात्र आधीच पढवून ठेवलेल्या इतरांनी एकमुखाने चुकीची रेघ सांगितली, की सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्यांच्यामागे जात. पढवलेल्यांपैकी एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी अशा चुका पूर्वीच्या एक चतुर्थांशावर येत. हा साथीदार मध्येच खोलीबाहेर गेला तरी त्याचा आधार बराचसा टिके. तो बहुमताला मिळाला, की चुका पुन्हा उसळत. दुसऱ्याला धीर देणारी सोबत फिरली की किती नुकसान होते, हे यातून कळते.

ॲश यांचे हे प्रयोग महाविद्यालयीन तरुणांवर झाले, मुलांना ते कसे लागू होतील, हा आक्षेप रास्त आहे. पण अशा सोबतीची मुलांची गरज याहून मोठी दिसते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये मोटार चालवण्याच्या संगणकीय खेळातून दाखवले, की बरोबरीचे पाहत असताना १३ ते १६ वर्षांची मुले प्रौढांपेक्षा कितीतरी अधिक धोका पत्करतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : दडपण आणतो तो बहुधा मित्रच. हे खरे आहे, आणि म्हणूनच मित्रांची संख्या मोजून काही कळत नाही. एकदा नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी डबा पूर्वीसारखाच एकत्र खाल्ला जातो का, ही चांगल्या मैत्रीची खूण. असा मतभेद पचवण्याची सवय घरात लागते. आईवडिलांशी वाद घालून आपले म्हणणे मांडू शकणारे मूल मित्रांपुढेही ते मांडते. ‘उलट बोलू नकोस’ म्हणून गप्प केलेल्या मुलाला टोळक्यापुढे अचानक कंठ फुटत नाही. मित्र निवडून देणे पालकांच्या हातात नाही, पण मित्राला घरी येऊ देणे, दोघांना एकत्र वेळ मिळवून देणे नक्कीच आहे. शाळांनीही नव्या वर्षी तुकड्या पाडताना एकमेकांचा आधार असलेली जोडी कारणाशिवाय तोडू नये.