अवकाश अभियांत्रिकी : भारतातील शिक्षण व व्यवसाय

अग्निबाण, कृत्रिम उपग्रह व अवकाशयाने यांचा अभिकल्प, निर्मिती, चाचणी व प्रक्षेपण यांच्याशी निगडित असलेली अभियांत्रिकीची शाखा. भारतात या शाखेतील व्यवसाय आधी सुरू झाला आणि तिचे स्वतंत्र पदवी-शिक्षण पुष्कळ नंतर सुरू झाले.

या शाखेची पूर्वपीठिका वैमानिकीत आढळते. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगलोर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी स्थापिली. तेथीलच भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये वैमानिकीय अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला व त्याची धुरा विष्णू माधव घाटगे यांच्याकडे आली. त्यांनी गटिंगेन येथे लूटव्हिख प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले होते. त्यांनी अभिकल्पिलेल्या ‘एचटी-२’ या प्रशिक्षण विमानाचे पहिले उड्डाण १९५१ मध्ये झाले.

अग्निबाणविद्येला अशी शैक्षणिक बैठक नव्हती. केरळमधील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी सोडलेला पहिला अग्निबाण अमेरिकी बनावटीचा होता. त्यासाठी काही तरुण अभियंत्यांना अमेरिकेत अल्पकालीन प्रशिक्षण देण्यात आले होते. पुढे निरनिराळ्या शाखांतील तज्ञ या कार्यात आले. ए. पी. जे. अब्दुल कलाम वैमानिकीचे पदवीधर होते, तर १९६७ मध्ये थुंबा येथे रुजू झालेले पुण्याचे वसंत गोवारीकर रासायनिक अभियंते होते. घन प्रचालकांच्या विकासात गोवारीकरांचा मोठा वाटा आहे.

या अभियंत्यांचे खरे शिक्षण चाचणीस्थळीच झाले. ‘एसएलव्ही-३’ या चार टप्प्यांच्या प्रक्षेपकाचे १० ऑगस्ट १९७९ रोजीचे उड्डाण दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील दोषामुळे अयशस्वी ठरले. दोषाचा शोध घेऊन आवश्यक सुधारणा केल्यावर १८ जुलै १९८० रोजी याच प्रकारच्या प्रक्षेपकाने ३५ किग्रॅ. वजनाचा ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत नेला. अपयशाची जबाबदारी एका व्यक्तीवर न ढकलता कारणांची सामुदायिक छाननी करण्याची शिस्त या व्यवसायात रुजण्यास असे अनुभव साहाय्यभूत झाले.

अवकाश विभागाने २००७ मध्ये तिरुवनंतपुरम येथे भारतीय अवकाश विज्ञान व तंत्रज्ञान संस्था स्थापन केली आणि तेथे अवकाश अभियांत्रिकीचे पदवी-शिक्षण सुरू झाले. अवकाश क्षेत्र २०२० मध्ये खाजगी उद्योगांस अधिक खुले झाल्याने या व्यवसायाची व्याप्ती वाढली आहे. तथापि यंत्र, रसायन, इलेक्ट्रॉनिकी व धातुविज्ञान या शाखांच्या पदवीधरांची गरज आजही कमी झालेली नाही.