हिमकृमीची हकिकत

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या दिल्लीच्या बिऱ्हाडी गच्चीवरील तुळशीची कुंडी बदलण्याचा प्रसंग आला. माती उकरताच तीत पांढऱ्या शुभ्र दोऱ्याचे बारीक तुकडे विखुरल्यासारखे दिसले. जरा निरखून पाहता ते तुकडे हलत होते. ही तुळशीची मुळे खाणारी कीड, असा घरात तात्काळ निवाडा झाला आणि औषध आणण्याचे फर्मान सुटले. मी इतिहासाचा विद्यार्थी. प्राणिशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु चौकशीवाचून शिक्षा देऊ नये, ही सवय नोकरीने अंगी बाणविली असल्यामुळे मी आधी पुस्तके उघडली. तेव्हा कळले की हे प्राणी मुळांचे वैरी नसून कुजलेल्या पाल्यापाचोळ्यावर जगणारे, गांडुळाच्याच गोतातले आहेत. त्यांच्या कुळाची हकिकत वाचता वाचता मी कुंडीतून निघून थेट अलास्कातील हिमनद्यांवर जाऊन पोचलो. तीच आज आपणांस सांगावयाची आहे.

या कुळाचे शास्त्रीय नाव एन्किट्रीडी. 1837 साली याकोब हेनले या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने या जातीच्या कृमीचे पहिले नीट वर्णन केले. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकेच्या वळणाला ज्याचे नाव आपले वैद्यकीचे विद्यार्थी आजही घोकतात, तोच हा हेनले. ग्रीक भाषेत ‘एन’ म्हणजे आत आणि ‘खुत्रा’ म्हणजे मातीचे भांडे. या दोन शब्दांवरून त्याने आपल्या कृमीला जे नाव दिले, त्याचा सरळ मराठी अर्थ ‘कुंडीतला’ असाच होतो! पुढे प्रागच्या वेयदोव्स्की या पंडिताने 1879 मध्ये या कुळावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आज या कुळात सातशेच्या आसपास जाती मोजल्या जातात. बहुतेक सर्व जाती पांढुरक्या, इंच-अर्ध्या इंचाच्या, ओल्या मातीत वा समुद्रकाठच्या कुजक्या शेवाळात राहणाऱ्या. शेतकरी त्यांच्याकडे पाहत नाही आणि इतिहासकाराने पाहावे असेही त्यांच्यात वरवर काही नाही.

अपवाद एका शाखेचा. ती मातीत राहत नाही. ती बर्फात राहते.

1880 नंतरच्या दशकात अलास्काच्या किनाऱ्यावरील म्यूर हिमनदी पाहावयास आगबोटी भरभरून प्रवासी येऊ लागले होते. त्याच दशकात जॉर्ज फ्रेडरिक राइट हा अमेरिकन भूशास्त्रज्ञ तेथे गेला. हा गृहस्थ मूळचा धर्मोपदेशक. हिमयुगाचा अभ्यास हा त्याचा ध्यास. हिमनदीच्या पृष्ठावर सुतासारखे काळसर किडे वळवळताना त्याला आढळले. बर्फावर चुकून येऊन पडलेला जीव निराळा आणि बर्फात नांदणारा जीव निराळा. हे किडे दुसऱ्या प्रकारचे होते.

यानंतर 1897 चा उन्हाळा उजाडला. त्या एका उन्हाळ्यात उत्तर अमेरिकेच्या त्या कोपऱ्यात दोन गोष्टी घडल्या आणि आमच्या कृमीचे नशीब त्या दोहोंत सापडले. इटलीच्या राजघराण्यातील लुईजी आमेदेओ, आब्रुत्सीचा ड्यूक, हा सेंट एलियास या 5,489 मीटर उंचीच्या पर्वतावर स्वारी करण्यास निघाला आणि 31 जुलै रोजी त्याची तुकडी शिखरावर उभी राहिली. वाटेत मालास्पिना ही विस्तीर्ण हिमनदी लागली. तिच्यावरचे काळे कृमी तुकडीचा डॉक्टर फिलिप्पो दे फिलिप्पी याने गोळा करून मायदेशी नेले. (हा दे फिलिप्पी आपल्याला सर्वस्वी परका नाही. 1913–14 मध्ये काराकोरम व लडाखच्या प्रदेशात जी मोठी शास्त्रीय मोहीम झाली, तिचा हाच नेता.) बोलोन्याचा प्राध्यापक कार्लो एमेरी हा वस्तुतः मुंग्यांचा जाणकार, पण त्याने 1898 मध्ये हा नमुना तपासला, तो कुंडीतल्या पांढऱ्या कृमींच्याच कुळातला असल्याचे ओळखले आणि त्याला ‘सोलिफुगस’, म्हणजे सूर्यापासून पळणारा, असे नाव दिले. त्याच उन्हाळ्यात त्याच पर्वतावर गेलेल्या, पण शिखर न गाठता परतलेल्या ब्रायंट या अमेरिकनाने आणलेल्या नमुन्यांवर मूर नावाच्या शास्त्रज्ञाने 1899 मध्ये आपला लेख प्रसिद्ध केला. एक यशस्वी स्वारी, एक फसलेली. पुराव्याच्या दृष्टीने दोघींची किंमत सारखीच.

दुसरी गोष्ट सोन्याची. त्याच जुलै महिन्यात क्लोंडाइकचे सोने घेऊन आलेली जहाजे सॅन फ्रान्सिस्को आणि सिअ‍ॅटल या बंदरांना लागली आणि हजारो माणसे घरदार सोडून उत्तरेकडे धावली. डॉसन हे गाव रातोरात उभे राहिले. गाव म्हटले की वर्तमानपत्र आलेच. तेथील ‘क्लोंडाइक नगेट’ या पत्रात एल्मर व्हाइट नावाचा, ‘स्ट्रोलर’ या टोपणनावाने लिहिणारा पत्रकार होता. बातम्यांचा दुष्काळ पडला तेव्हा त्याने हिमकृमीची बातमी रचली. कडाक्याची थंडी पडताच हे कृमी बर्फातून वर येतात आणि त्या गारठ्यात सुखाने ऊन खात पडल्यासारखे पडतात, अशा थाटाची ती होती. अंक खपले. सांगतात की, दारूच्या दुकानांतून लगेच ‘हिमकृमी घातलेली’ पेये मिळू लागली आणि नवख्या गिऱ्हाइकाच्या पेल्यात इटालियन शेवयांचे तुकडे तरंगू लागले. पुढे रॉबर्ट सर्व्हिस या कवीने या थट्टेवर एक लांबलचक पोवाडाच रचला. तो 1940 साली त्याच्या संग्रहात छापला गेला.

व्हाइटला खऱ्या कृमीची काही वार्ता होती की नाही, यावर वाद घालण्यात मला रस नाही. मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. डॉसन हे समुद्रापासून दूर, आतल्या मुलखातले गाव. त्याच्या आसपास हिमनद्या नाहीत, म्हणजे हिमकृमी असण्याची सोयच नाही. खरा कृमी किनाऱ्यालगतच्या डोंगरांतील हिमनद्यांवर, अलास्कापासून दक्षिणेस ऑरेगनपर्यंतच, राहतो. आणि डॉसनची थंडी त्याला सुखाची तर नाहीच, उलट ती त्याचा प्राण घेईल. शून्याच्या खाली काही अंश गेले की तोही गोठून मरतो. म्हणजे बातमीतला प्रत्येक तपशील चुकीचा आणि बातमीचा विषय मात्र खरा! परिणाम असा झाला की, एमेरीचा लेख पंडितांच्या कपाटात राहिला आणि शेवयांचा कृमी लोकांच्या तोंडी राहिला. हिमकृमी ही केवळ खाणवाल्यांची थाप, असे मानणारी सुबुद्ध माणसे त्या प्रदेशातही भेटतात. अलास्कातील कॉर्डोव्हा या गावी तर 1961 पासून हिवाळ्यात हिमकृमीचा उत्सव भरतो आणि त्यात कापडाचा भलामोठा कृमी मिरवतात. थापेने सत्य झाकावे, हे आपण नेहमीच पाहतो. परंतु ज्या सत्याला थापेहून अधिक अद्भुत असण्याचा मान मिळाला, तेच झाकले जावे, हा प्रकार विरळा.

कारण खऱ्या कृमीची राहणी व्हाइटच्या कल्पनेला सुचली नसती. दिवसभर तो बर्फाच्या कणांमधील फटींत दडून राहतो. सूर्य कलला की हजारोंच्या संख्येने वर येतो आणि बर्फावर वाढणारे सूक्ष्म शैवल व वाऱ्याने आणलेले परागकण खातो. सगळे आयुष्य शून्य अंशाच्या आसपास. उष्मा पाच अंशांच्या पलीकडे गेला की त्याचे शरीर अक्षरशः विरघळू लागते. माणसाच्या तळहातावर तो टिकत नाही. प्राणिमात्राच्या पेशींत शक्तीचे चलन म्हणून जे द्रव्य वापरले जाते, एटीपी त्याचे नाव, त्याचा साठा थंडी वाढली की सामान्य प्राण्यांत घटतो आणि म्हणून त्यांची हालचाल मंदावते. हिमकृमीत तो उलट वाढतो. डॅनियल शेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. तिबेटातील हिमनदीवरही याच कुळातील एका जातीचे वर्णन चिनी शास्त्रज्ञांनी 1979 मध्ये केले आहे.

मग मधल्या उबदार दऱ्या ओलांडून हा कृमी एका हिमनदीवरून दुसरीवर गेला कसा? 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात याचा उलगडा दिसतो. व्हँकूव्हर बेटावरचे कृमी शेकडो मैल दूरच्या कृमींचे निकटचे भाऊबंद निघाले. आणि अशी मजल पक्ष्यांवाचून घडणे कठीण. बर्फावर चरणारे चिमणीएवढे पक्षी हे कृमी टिपतात. त्यांच्या पायांना वा पिसांना चिकटून एखाददुसरा पलीकडे पोचत असावा.

परंतु पक्ष्याने उतरावे तर पलीकडे बर्फ पाहिजे. राइटने ज्या म्यूर हिमनदीवर हे कृमी पाहिले, तिची छायाचित्रे एकाच जागेवरून 13 ऑगस्ट 1941 आणि 31 ऑगस्ट 2004 या दिवशी घेतलेली आहेत. पहिल्यात काठोकाठ बर्फ आहे. दुसऱ्यात पाणी आहे, आणि डोंगरउतारावर झाडी. या त्रेसष्ट वर्षांत हिमनदी बारा किलोमीटरांहून अधिक मागे हटली होती. राइटच्या काळी तिचे तोंड त्याहूनही कितीतरी पुढे होते. आगबोटीतून उतरून प्रवासी जेथे बर्फावर चढत, तेथे आज समुद्राची खाडी आहे.