मेर्सेन संख्या म(१२७)

२ च्या १२७ व्या घातातून १ वजा केला असता मिळणारी ३९ अंकी अविभाज्य संख्या. तिची किंमत १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७ इतकी आहे. यंत्राच्या साहाय्याविना, केवळ हाताने आकडेमोड करून अविभाज्य ठरविण्यात आलेल्या संख्यांत ही सर्वांत मोठी मानली जाते.

२ च्या प व्या घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्येस फ्रेंच धर्मगुरू व गणितज्ञ मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) यांच्या नावावरून मेर्सेन संख्या म्हणतात व ती म(प) अशी दर्शवितात. प विभाज्य असल्यास म(प) विभाज्यच असते. परंतु प अविभाज्य असला, तरी म(प) अविभाज्य असेलच असे नाही. उदा., म(११) = २०४७ = २३ × ८९. प च्या २५७ पर्यंतच्या कोणत्या किंमतींना म(प) अविभाज्य असते, यांची यादी मेर्सेन यांनी १६४४ मध्ये सिद्धतेविना प्रसिद्ध केली. तीत ६७ व २५७ या किंमती चुकीने आल्या होत्या, तर ६१, ८९ व १०७ या राहून गेल्या होत्या. १२७ ही किंमत मात्र बरोबर होती.

लेनर्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये म(३१) = २,१४,७४,८३,६४७ ही अविभाज्य असल्याचे संभाव्य भाजक तपासून सिद्ध केले. म(१२७) चे वर्गमूळच २० अंकी असल्यामुळे येथे तो मार्ग खुंटतो. एद्वार ल्यूका (१८४२–९१) यांनी भागाकाराचा मार्ग सोडून फिबोनाची श्रेढीच्या गुणधर्मांवर आधारलेली कसोटी शोधली आणि १८७६ मध्ये म(१२७) अविभाज्य असल्याचे दाखविले. त्यांच्या पद्धतीने म(६७) विभाज्य असल्याचेही कळले. पण तिचे अवयव कळले नाहीत. ते (१९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७) एफ. एन. कोल यांनी १९०३ मध्ये दिले. संख्येचे अवयव माहीत नसतानाही ती विभाज्य आहे असे निश्चित सांगता येते, हे संख्या सिद्धांतातील महत्त्वाचे पाऊल होते.

ही कसोटी डी. एच. लेमर यांनी १९३० च्या सुमारास सुलभ केली. तीनुसार ४ पासून प्रारंभ करून प्रत्येक वेळी वर्गातून २ वजा करतात व येणाऱ्या संख्येस म(प) ने भागून बाकी घेतात. प ही विषम अविभाज्य संख्या असताना ही क्रिया (प – २) वेळा केल्यावर बाकी शून्य आली, तरच म(प) अविभाज्य असते. उदा., म(५) = ३१ करिता ४, १४, ८, ० अशी बाकी येते. म्हणजे म(१२७) करिता केवळ १२५ वेळा वर्ग करावे लागतात.

ज्ञात अविभाज्य संख्यांत सर्वांत मोठी हा मान म(१२७) कडे १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षे राहिला. त्या वर्षी ए. फेरियर यांनी यांत्रिक गणनयंत्राच्या साहाय्याने ४४ अंकी अविभाज्य संख्या शोधली. १९५२ मध्ये आर. एम. रॉबिन्सन यांनी इलेक्ट्रॉनिक संगणकावर म(५२१) अविभाज्य ठरविली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या म(१३६२७९८४१) या ४,१०,२४,३२० अंकी अविभाज्य संख्येची पडताळणीही ल्यूका-लेमर कसोटीनेच करण्यात आली.