सॉफ्टवेअरचं पेटंट: एका क्लिकची गोष्ट

शॉपिंग ॲपमध्ये एक बटण दाबलं की पत्ता, कार्ड काहीही पुन्हा न विचारता ऑर्डर जाते. यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. पण अमेरिकेत या एका क्लिकवर ॲमेझॉनचं पेटंट होतं!

ते सप्टेंबर १९९९ मध्ये मिळालं. पुढच्याच महिन्यात ॲमेझॉनने बार्न्स अँड नोबल या पुस्तकं विकणाऱ्या कंपनीवर दावा ठोकला. डिसेंबरमध्ये कोर्टाने मनाई केली, तेव्हा त्यांना खरेदीत मुद्दाम एक जास्तीची पायरी घालावी लागली. २००१ मध्ये वरच्या कोर्टाने ती मनाई उठवली. ॲपलने मात्र २००० सालीच परवाना घेऊन टाकला होता. पेटंटची मुदत संपली थेट २०१७ मध्ये.

भारतात काय? पेटंट कायदा, १९७० मधल्या कलम ३(के) नुसार गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि 'निव्वळ' संगणक प्रोग्राम यांना पेटंट मिळत नाही. 'निव्वळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रोग्राममुळे खरा तांत्रिक परिणाम साधत असेल, तर पेटंट मिळू शकतं. शिवाय तुम्ही लिहिलेल्या कोडवर कॉपीराइट असतोच.

मी स्वतः कोड लिहितो, आणि मला हे कलम योग्य वाटतं. कोड चोरू नये, हे बरोबरच. पण साध्या कल्पनेवरच कुंपण घातलं, तर मोठी कंपनी वकील लावेल; दोन मित्रांनी खोलीत बसून बनवलेलं ॲप तिथंच बंद पडेल.