विद्रावण चाचणी यंत्राच्या अंशांकनाचा इतिहास : बुलढाणा जिल्ह्यातील औषधनिर्माणशास्त्र शिक्षणाच्या संदर्भात

प्रस्तावना :
गोळीतील औषध विरघळल्याशिवाय रक्तात शोषले जात नाही. ते किती वेळात किती प्रमाणात विरघळते, हे विद्रावण चाचणीने (डिसोल्यूशन टेस्ट) ठरविले जाते. परंतु चाचणीचे यंत्रच सदोष असेल, तर चांगली गोळी नापास व निकृष्ट गोळी उत्तीर्ण ठरू शकते. म्हणूनच या यंत्राच्या अंशांकनाचा (कॅलिब्रेशन) इतिहास हा मापाच्या विश्वासार्हतेचा इतिहास ठरतो.

पार्श्वभूमी :
नॉयस व व्हिटनी यांनी घन पदार्थाच्या विरघळण्याच्या वेगाचा नियम 1897 मध्ये मांडला. तथापि अमेरिकन औषधकोशात विद्रावण चाचणीला अधिकृत स्थान मिळण्यास 1970 साल उजाडले. हृदयविकारावरील डिगॉक्सिनच्या वेगवेगळ्या गोळ्यांमुळे रक्तातील औषधाच्या पातळीत सातपटींपर्यंत फरक पडतो, हे लिंडेनबॉम व सहकाऱ्यांनी 1971 मध्ये दाखवून दिले. या औषधाच्या उपकारक व घातक मात्रांत अंतर अत्यल्प असल्याने चाचणीचे महत्त्व अधोरेखित झाले. भारतीय औषधकोशाच्या 1985 च्या आवृत्तीत काही गोळ्यांसाठी ही चाचणी समाविष्ट झाली.

अंशांकनाचे दोन टप्पे :
1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रेडनिसोन व सॅलिसिलिक अॅसिड यांच्या संदर्भ गोळ्यांनी यंत्र तपासण्याची पद्धत रूढ झाली. संदर्भ गोळीचा निकाल ठरलेल्या मर्यादेत आला की यंत्र योग्य मानले जाई. मात्र साठवणुकीत गोळीतही बदल होतो. द्रवात विरघळलेल्या हवेचाही निकालावर परिणाम होतो. निकाल चुकल्यास दोष यंत्राचा की गोळीचा, हा प्रश्न अनुत्तरित राही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2010 मध्ये यांत्रिक अंशांकनाचा पर्याय मान्य केला. त्यात दांड्याची उभी रेषा व डगमग, पात्राच्या मध्याशी त्याचा मेळ, फेऱ्यांचा वेग आणि तळापासून 25 मि.मी. अंतर प्रत्यक्ष मोजले जाते. संदर्भ गोळीची पद्धत मात्र संपुष्टात आली नाही.

स्थानिक संदर्भ :
विदर्भात नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग 1943 मध्ये सुरू झाला. पुढे हे शिक्षण बुलढाणा जिल्ह्यात चिखलीसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. भारतीय औषधकोशानुसार गोळ्यांची गुणवत्ता तपासणे हा बी.फार्म. प्रात्यक्षिकांचा भाग आहे. अशा वेळी 37 अंश सेल्सिअस तापमान व फेऱ्यांची संख्या केवळ यंत्राच्या पडद्यावर वाचणे पुरेसे नाही. तपासलेला तापमापक, स्टॉपवॉच, पाणसळ व व्हर्निअर कॅलिपर यांच्या साहाय्याने प्राथमिक पडताळणी विद्यार्थ्यांकडूनच करून घेता येते.

निष्कर्ष :
संदर्भ गोळीवरील विश्वासाकडून यंत्राच्या प्रत्यक्ष मोजमापाकडे झालेला हा प्रवास एकच गोष्ट सांगतो : ज्या मापाने मोजायचे, ते माप आधी तपासले पाहिजे. ही सवय महाविद्यालयीन प्रयोगशाळेत लागली नाही, तर पुढे तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते.