बास गिटारचा ॲम्प आणि ढिला खर्ज

रॉक संगीतातल्या गिटारचा जाड, करकरीत आवाज जगभर ओळखीचा आहे. पण तो ज्या यंत्रातून घडला, ते यंत्र मुळात गिटारसाठी बनलेच नव्हते. ते बास गिटारसाठी होते. आजही घरी बसून वाल्वचा ॲम्प्लिफायर बांधणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते: आवाज वाढवला की खालचे सूर ढिले पडतात, घुमतात, चिखलासारखे पसरतात. या तक्रारीचे एक मूळ त्या जुन्या गोष्टीत आहे.

लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचे. १९३८ साली त्यांनी तिथे रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले. स्वतःला गिटार वाजवता येत नसे, पण वाजवणाऱ्यांचे गाऱ्हाणे ते कान देऊन ऐकत. १९५१ मध्ये त्यांनी विजेवरची बास गिटार बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी ‘बासमन’ नावाचा ॲम्प. साध्या गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, बासची ४१ वेळा. म्हणजे बासमनला एक सप्तक आणखी खाली उतरायचे होते. त्यामुळे त्याच्या सर्किटमध्ये खर्जाची सगळी दारे सताड उघडी ठेवलेली होती. यात चूक काहीच नव्हती, कामच ते होते.

दहा इंची चार स्पीकरचा, ‘५एफ६-ए’ या आराखड्याचा बासमन १९५८च्या सुमारास आला. बासवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनीच त्याला उचलून धरले.

इकडे लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान १९६० पासून सुरू होते. ते मूळचे ड्रमवादक आणि ड्रमचे शिक्षक. गिटार वाजवणारी पोरे दुकानात येऊन म्हणत, आम्हाला अमेरिकन ॲम्पसारखा दणका हवा. तो माल इंग्लंडमध्ये फार महाग पडे. मग मार्शल यांचे दुरुस्तीचे काम पाहणारे केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा अगदी तरुण कारागीर यांनी बासमनचे सर्किट समोर ठेवून १९६२ मध्ये स्वतःचा ॲम्प बांधला. त्याचे नाव जेटीएम ४५.

उर्दूत म्हणतात, नक्कल करायलाही अक्कल लागते. या नकलेत ती होती. सुटे भाग इंग्लंडात मिळतील ते घेतले. पहिल्या वाल्वच्या जागी जास्त ताकदीचा ईसीसी८३ आला. फेंडरचे स्पीकर मागून उघड्या पेटीत असत, मार्शलने बारा इंची चार स्पीकर बंद पेटीत बसवले. बंद पेटीतली हवा स्पीकरच्या पडद्यामागे स्प्रिंगसारखी वागते, त्याला हवा तसा हेलकावू देत नाही. खर्ज कसला जातो तो आधी इथे.

दुसरा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. ॲम्पच्या शेवटच्या टोकाचा थोडा आवाज उलटा करून मागे आणून मिसळतात, म्हणजे स्पीकरला लगाम बसतो. फेंडर ही तार २ ओहमच्या टोकावरून घेत, मार्शलमध्ये ती १६ ओहमवरून घेतली गेली. तिथला दाब जवळजवळ पावणेतीनपट, म्हणून लगामही अधिक कडक. मात्र हा लगाम आवाज स्वच्छ असेतोवरच चालतो. ॲम्प फाटू लागला की तो हातातून सुटतो, आणि पोरांना तर फाटलेलाच आवाज हवा होता.

म्हणून खरा इलाज साखळीच्या अगदी सुरुवातीला करावा लागला. बासमनमध्ये पहिल्या वाल्वच्या दोन्ही बाजूंना मिळून ८२० ओहमचा एकच रेझिस्टर आणि त्यावर २५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर होता. (कपॅसिटर हा शब्द बरोबर, पण आपल्याकडचे जुने रेडिओवाले कंडेन्सरच म्हणत.) एवढा मोठा कंडेन्सर खालचे सगळे सूर बिनतक्रार वर चढवतो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मार्शलने हे जोडपे वेगळे केले. एका चॅनेलला जुनाच हिशेब राहिला. दुसऱ्याला २.७ किलोओहम आणि फक्त ०.६८ मायक्रोफॅरड. हा चिमुकला कंडेन्सर साधारण २३० हर्ट्झच्या खाली हळूहळू हात आखडता घेतो. खर्ज नाहीसा होत नाही, मधल्या सुरांच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांशाच्या आसपास उतरतो. पुढच्या काही मॉडेलांत दोन टप्प्यांमधला ०.०२२चा कंडेन्सरही दहापट लहान झाला.

याने एवढा फरक का पडावा? खालच्या सुरांची लाट मोठी असते. ती वाल्वमध्ये घुसली की सगळी जागा तीच व्यापते आणि वरचे सूर तिच्या पाठीवर बसून फाटतात. त्यात भर म्हणजे लाट फार मोठी झाली की वाल्वच्या ग्रिडमधून प्रवाह वाहतो, मधला कंडेन्सर भरून जातो आणि तो रिकामा होईपर्यंत वाल्व मुका राहतो. कंडेन्सर दहापट लहान, तर रिकामाही दहापट लवकर. तबल्याचा डग्गा ज्याने ऐकला आहे त्याला हे सांगावे लागत नाही. घुमारा थोडाच सोडायचा, बाकी तळहाताने दाबायचा.

पुढे अमेरिकेत रँडल स्मिथ यांच्या मेसा बूगीच्या ‘मार्क’ ॲम्पमध्ये हाच विचार आणखी लांब नेला गेला. तिथे बासचे बटण आवाज फाटण्याच्या आधी येते, म्हणून जाणकार ते अगदी खाली ठेवतात आणि खर्ज नंतर, सरकत्या बटणांच्या ग्राफिक इक्वलायझरवर पुन्हा वाढवतात. आधी काढायचा, मग घालायचा.

ईसीसी८३ वाल्व आपल्याकडेही बनत. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ते तयार केले, आणि ॲम्प बांधणाऱ्यांमध्ये त्यांना अजून मागणी आहे. जुने आराखडे तर आता कुणालाही मिळतात. मला खटकते ते एवढेच की त्यातला प्रत्येक आकडा जणू दगडावर कोरलेला आहे असे मानून लोक जोडतात आणि मग ढिल्या खर्जासाठी महागडे ट्रान्सफॉर्मर बदलत बसतात. २५० हा आकडा एका बासवाल्याच्या गरजेतून आला होता. वीज साठवणारे मुख्य कंडेन्सर जुने झाले असतील तर तेही खर्ज बसवतात, म्हणून ते आधी तपासावेत. पण सांभाळून. त्यांत ४०० व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो टिकून राहू शकतो; तो उतरवल्याशिवाय आत हात घालणे जिवावर बेतते.

मार्शलने जुना हिशेबही टाकून दिला नाही, हे मला विशेष वाटते. एकाच पेटीत दोन्ही चॅनेल शेजारी शेजारी राहिले, एक मोकळा, एक कसलेला. वाजवणाऱ्यांनी मग स्वतःच एक युक्ती काढली. वीतभर तारेने दोन्ही चॅनेल जोडायचे, कसलेला वर चढवायचा आणि मोकळ्याचे बटण खोलीत पुरेल एवढेच फिरवायचे.