प्रदर्शने पाहिलेली माणसे : पेण-रोह्यातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आठवणी आणि त्यांचा कालनिर्णय

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने चरीचा शेतकरी संप, स्वातंत्र्य चळवळ, खारभूमीचे प्रश्न आणि औद्योगिकीकरण या विषयांभोवती झालेले आहे. ते स्वाभाविकही आहे. परंतु सामान्य माणसाने रेडिओ किंवा दूरचित्रवाणी संच प्रथम कोठे पाहिला आणि पाहिल्यानंतर किती वर्षांनी तो घरी आणला, हे प्रश्न इतिहासाच्या कक्षेत क्वचितच आले. पेण आणि रोहा येथील जुन्या पिढीत हा विषय निघाला, की बोलणे मुंबईच्या प्रदर्शनांकडे वळते. कोणी गिरगावातील नातेवाइकांकडे मुक्काम करून प्रदर्शन पाहिलेले असते, तर कोणी दुकानासाठी माल आणावयास गेले असता वाट वाकडी केलेली असते. अशा आठवणींत वस्तूचा रंग, गर्दी, पायपीट असे सर्व काही असते. नसते ती केवळ तारीख. या आठवणींचा कालनिर्णय कसा करता येईल आणि त्यांतून या परिसराच्या सामाजिक इतिहासाविषयी काय हाती लागते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्रदर्शनांची पार्श्वभूमी

औद्योगिक प्रदर्शनांची परंपरा १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनापर्यंत मागे नेता येते. मुंबईत १९०४ च्या काँग्रेस अधिवेशनाबरोबर औद्योगिक प्रदर्शन भरले होते. केवळ ध्वनियंत्रांना वाहिलेले मोठे प्रदर्शन १९२४ मध्ये बर्लिनला सुरू झाले. १९३० साली त्याचे उद्घाटन अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी केले. अमेरिकेतील ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे वार्षिक प्रदर्शन जून १९६७ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रथम भरले. भारतात दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९७२ साली आशियाई व्यापार मेळा झाला आणि १९८० पासून तेथे दरवर्षी नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरू लागला. मुंबईत कफ परेडच्या जागतिक व्यापार केंद्रात आणि पुढे गोरेगावच्या दालनांत अशी प्रदर्शने होत राहिली.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. न्यूयॉर्कचे प्रदर्शन हा मूलतः उत्पादक आणि विक्रेते यांच्यातील व्यवहार होता. सर्वसामान्यांसाठी ते नव्हते. आपल्याकडे मात्र ‘प्रदर्शन’ या शब्दाला जत्रेची छटा पूर्वीपासून आहे. रोह्यात धावीर महाराजांच्या उत्सवाला जाणारा माणूस ज्या वृत्तीने मांडलेली दुकाने पाहतो, त्याच वृत्तीने तो मुंबईच्या दालनातही हिंडत असे. खरेदी करण्याचा हेतू असलाच पाहिजे, असे नव्हते.

प्रवास हाच पुरावा

तारीख नसलेल्या आठवणीत प्रवासाचा तपशील मात्र हमखास असतो, आणि कालनिर्णयासाठी तोच सर्वाधिक उपयोगी पडतो. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये खुला झाला. त्यापूर्वी पेणहून पनवेलमार्गे मुंबई गाठणाऱ्या एस. टी. ला ठाण्याकडून वळसा घालावा लागे. त्यामुळे ‘ठाण्यावरून गेलो’ असे कोणी सांगितल्यास ती आठवण बहुधा पुलापूर्वीची समजावी. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरल्याचे सांगणाऱ्यांच्या बाबतीत हा नियम लावता येत नाही, कारण तो जलमार्ग पुढेही चालू राहिला.

रेल्वेचा पुरावा अधिक निर्णायक आहे. आपटा ते रोहा हा लोहमार्ग १९८६ मध्ये पूर्ण झाला आणि पेण स्थानक याच टप्प्यात येते. साहजिकच पेण किंवा रोह्याहून गाडीत बसून प्रदर्शनाला गेल्याची कोणतीही आठवण १९८६ च्या पूर्वीची असू शकत नाही. सांगणारा कितीही खात्रीने ‘तेव्हा रंगीत टीव्ही आलाही नव्हता’ असे म्हणाला, तरी येथे दोन वेगवेगळ्या फेऱ्या एकत्र मिसळल्या आहेत, असेच मानावे लागते. स्मृतीचा हा दोष म्हणण्यापेक्षा तिची कार्यपद्धती म्हणणे अधिक योग्य ठरेल. अनेक फेऱ्यांतील ठळक गोष्टी निवडून ती एकच संस्मरणीय फेरी तयार करते.

दुसरा आधार कागदांचा. कुलाबा जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ रोजी रायगड झाले. जुन्या विक्रीपावतीवर ‘जि. कुलाबा’ असे छापलेले आढळले, तर ती त्यापूर्वीची असण्याचा संभव अधिक. मात्र छापून ठेवलेली पावतीपुस्तके दुकानदार लगेच टाकून देत नसतात, हे कोणत्याही बाजारपेठेत वावरलेल्या माणसास ठाऊक असते. तेव्हा या एकाच आधारावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. तिसरा आधार परवान्याचा. रेडिओ वा दूरचित्रवाणी संच बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना घेऊन त्याचे वार्षिक शुल्क भरावे लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ही पद्धत संपुष्टात आली. परवान्याच्या पुस्तिकेत संचाची नोंद आणि दरवर्षीचे शिक्के असत. एखाद्या घरात यंत्र केव्हा आले, हे ठरविण्यासाठी इतके स्वच्छ साधन दुसरे नाही.

पाहणे आणि घेणे

वरील आधारांनी आठवणी कालक्रमाने लावल्या असता त्यांतील महत्त्वाची गोष्ट पुढे येते, ती म्हणजे पाहणे आणि घेणे यांतील अंतर. हे अंतर सर्व वस्तूंच्या बाबतीत सारखे नव्हते.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. परंतु झडपांचा रेडिओ विजेवर चाले, आणि पेणच्या खारेपाटातील अनेक घरांत वीज पोहोचण्यास पुढे बराच काळ लागला. १९४७ च्या अखेरीस अमेरिकेत लागलेल्या ट्रान्झिस्टरच्या शोधाने ही अडचण दूर केली. बॅटरीवर चालणारा लहानसा रेडिओ शेताच्या बांधावर, होडीत, गणेशमूर्तींच्या कारखान्यात कोठेही ठेवता येऊ लागला. विविध भारतीची सेवा १९५७ पासून सुरू असल्याने ऐकण्यासारखे पुष्कळ होते. ट्रान्झिस्टरच्या बाबतीत पाहणे आणि घेणे यांत फारसे अंतर राहिले नाही. म्हणूनच की काय, तो प्रथम प्रदर्शनात पाहिल्याची आठवण कोणी विशेष कौतुकाने सांगत नाही. जे सहज मिळाले, ते स्मरणात कमी राहिले.

दूरचित्रवाणीची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. या प्रक्षेपणाच्या लहरी सामान्यतः सरळ रेषेत जातात आणि मध्ये डोंगर आला की अडतात. पेणला उंच खांबावर अँटेना चढवून मुंबई पकडण्याचा प्रयत्न करता येई. पण दक्षिणेकडे रोह्याच्या दिशेने सरकावे तसे अंतरही वाढते आणि डोंगरांचा आडोसाही. प्रदर्शनाच्या दालनात दिसणारे स्वच्छ चित्र पाहून हरखलेल्या रोहेकरापुढे खरा प्रश्न होता तो हा, की हेच चित्र आपल्या घरी दिसेल काय? गाळ्यावरील विक्रेत्याला त्याचे उत्तर देता येणे शक्य नव्हते. ते उत्तर गावातील दुरुस्तीच्या दुकानात, कौलांवर चढून अँटेना फिरवणाऱ्या कारागिराकडेच मिळणार होते. प्रदर्शनांच्या इतिहासात उत्पादक आणि ग्राहक या दोघांचाच विचार केला जातो; हा तिसरा माणूस त्यातून सुटतो. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संच चालता ठेवणाऱ्या या कारागिरांनी प्रदर्शने पाहिली ती वेगळ्या नजरेने. झाकणाच्या आत काय आहे, आणि ते बिघडल्यास कोठे मिळेल, हे त्यांना पाहावयाचे असे.

१५ ऑगस्ट १९८२ पासून रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. ‘एशियाडच्या वेळी’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून कालगणनेचे एक परिमाणच बनला. १९८४ पासून देशभर लहान क्षमतेच्या प्रक्षेपण केंद्रांचे जाळे झपाट्याने वाढले. ओनिडा आणि व्हिडिओकॉन ही नावे याच दशकात घरोघरी पोहोचली. दरम्यान रोह्याजवळ धाटाव येथे रासायनिक कारखाने आले होते आणि नियमित पगार घेणारा नवा वर्ग तयार झाला होता. पेणकडे मूर्तिव्यवसायाचा पैसा गणेशोत्सवाच्या आगेमागे हाती येई. एका गावी महिन्याचे उत्पन्न, तर दुसऱ्या गावी हंगामाचे. हप्त्याने वस्तू घेण्याच्या पद्धतीला पहिला ग्राहक अधिक सोयीचा होता, हे उघड आहे. लहरींच्या दृष्टीने गैरसोयीचे असलेले रोहे पगाराच्या दृष्टीने सोयीचे ठरले, ही या परिसराची एक गंमतच म्हणावी लागेल.

१९९१ नंतर आर्थिक धोरण बदलले, उपग्रह वाहिन्या आल्या आणि नव्वदच्या दशकात सोनी, सॅमसंग, एलजी या परदेशी कंपन्यांनी येथे व्यवसाय थाटले. प्रदर्शनात पाहिलेली वस्तू अल्पावधीतच तालुक्याच्या बाजारात मिळू लागली. याच काळापासून प्रदर्शनांच्या आठवणी विरळ होतात. माणसे प्रदर्शनांना जात राहिली. सांगण्यासारखे मात्र कमी उरले.

साधनांची स्थिती

या विषयाची साधने आज फार वेगाने नाहीशी होत आहेत. माहितीपत्रके ही जपून ठेवण्याची वस्तू कोणी मानली नाही. दुरुस्तीची दुकाने मोबाइलच्या दुकानांत रूपांतरित झाली, तेव्हा त्यांच्या नोंदवह्या रद्दीत गेल्या. जुलै २००५ च्या महापुराने जिल्ह्यातील नदीकाठच्या वस्त्यांत घरगुती कागदपत्रांचीही हानी केली. परवान्याच्या पुस्तिका काही घरांत अद्याप असतील. त्या बहुधा जन्मदाखले आणि सातबाराच्या उताऱ्यांबरोबर एकाच पिशवीत सापडतात, कारण त्यांवर सरकारी शिक्का आहे आणि सरकारी शिक्क्याचा कागद टाकून देण्याचे धाडस जुन्या माणसांनी कधी केले नाही. मुंबईच्या फेरीची गोष्ट ऐकून घेतल्यानंतर ही पिशवी उघडण्याची विनंती अवश्य करावी.